मरणाआधीचा सांगावा

गावगाड्यात मरणाचा सांगावा पोचवायचं काम महाराचं. गावात कोण गेलं की रातीबेराती, चिखलापाण्यात कोस न् कोस तुडवायचे आणि परगावच्या सोयऱ्यांना जाऊन सांगायचं. ही महारकी. या एका कामात महाराच्या शब्दावर गावाने कधी संशय घेतला नाही. त्याने मरण सांगितलं म्हणजे ते झालंच. पण त्याच महाराने आदल्या दिवशी चावडीपुढं उभं राहून म्हटलं असतं, 'पाटील, आडाचा कठडा खचलाय, कोणतरी पडंल,' तर? 'तू कोण आम्हाला सांगणारा?' एवढंच उत्तर मिळालं असतं. मरणानंतरची बातमी द्यायची सक्ती. मरणाआधीची बातमी द्यायची बंदी.

१९५८ साली महार वतन कायद्याने रद्द झालं. पण बातमी कोणाकडून घ्यायची आणि कधी घ्यायची, ही रीत काही रद्द झाली नाही. तिने गाव सोडलं आणि कारखान्यात नोकरी धरली. मुरबाडच्या एमआयडीसीत, आसनगाव-वासिंदच्या शेडांत, शहापूरच्या डोंगरात चाललेल्या पुलांच्या कामावर ती आज पाळीला हजर असते.

सुरक्षितता मोजायची कशी, आणि मोजून झाल्यावर जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न इंजिनियर लोकांचे आहेत असं आपल्याला शिकवलेलं आहे. ते खोटं आहे. हे नीतीचे प्रश्न आहेत. ज्याचा हात यंत्रात जातो त्याने ते सोडवायचे नाहीत तर कोणी?

* * *

आधी शून्याचं बघू. बहुतेक कारखान्यांच्या गेटावर एक फळा असतो. 'अपघातरहित दिवस' असं वर रंगवलेलं आणि खाली आकडा. रोज सकाळी वॉचमन आकडा एकाने वाढवतो. साहेब गाडीतून उतरताना त्याकडे बघतो. तपासणीला आलेला माणूस त्याकडे बघतो. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, त्या फळ्याला हार घालतात. मग आम्ही उजवा हात पुढं करून शपथ घेतो आणि पेढा खातो.

हा फळा काय मोजतो? सगळे म्हणतील, अपघात मोजतो. नाही. तो नोंदलेले अपघात मोजतो. या दोघांच्या मधे एक माणूस उभा असतो, त्याच्या हातात पेन असतं, आणि नोंद झाली तर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जाणार असतो. मग तो का नोंदेल?

१९४८ च्या कारखाना कायद्यात असं होतं की, अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर ते सरकारला कळवायचं. कायदा करणाऱ्याला वाटलं असेल, यातून दुखापत उजेडात येईल. पण कायद्याला पळवाट शोधणारा कायदा करणाऱ्यापेक्षा नेहमीच लवकर उठतो. मी ज्या सूतगिरणीत काम करतो तिथली गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहील. आमच्या कार्डिंगच्या खात्यात रुई अडकली की यंत्र थांबवून, झाकण उघडून काढायची असते. झाकण उघडलं की यंत्र आपोआप बंद पडावं म्हणून तिथं स्विच असतो. तो स्विच तारेने बांधून ठेवला होता. बांधला कोणी ते कागदावर नाही. यंत्र थांबलं तर उत्पादन पडतं, उत्पादन पडलं तर ठेकेदाराचं बिल कापतात, एवढं मात्र सगळ्यांना माहीत होतं. एका रात्रपाळीत ठेक्यावरच्या एका पोराची दोन बोटं गेली. सरकारी दवाखान्यात नेलं असतं तर नोंद झाली असती, म्हणून रिक्षात घालून लांबच्या खाजगी दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी त्याला बोलावून ऑफिसात खुर्चीवर बसवलं. हाताला पट्टी, पुढं चहा. काम काय? बसायचं. हजेरी लागली. ४८ तास भरले नाहीत. म्हणजे अपघात झालाच नाही. फळ्यावर २१२ होते, ते २१३ झाले.

बोटं गेली, पण आकडा वाढला. अशा मोजमापाला काय म्हणायचं? आमच्या म्हाताऱ्या माणसांना ते नवीन वाटणार नाही. सावकाराच्या खळ्यावर धान्य घेताना पायलीवर शीग चढवायची आणि देताना हात फिरवून सपाट करायची, हे त्यांनी बघितलेलं आहे. पायली तीच. फसवणूक पायलीत नसते, ती धरणाऱ्या हातात असते.

हे आपल्याकडच्या गबाळ्या कारखान्यांतच होतं असंही नाही. अमेरिकेजवळच्या समुद्रात 'डीपवॉटर होरायझन' नावाची तेलविहीर खोदणारी मोठी नाव होती. २० एप्रिल २०१० ला कंपन्यांचे बडे साहेब हेलिकॉप्टरने तिच्यावर उतरले होते. सात वर्षं कामाचा दिवस बुडवणारा एकही अपघात नाही, म्हणून कौतुक करायला. त्याच रात्री विहीर फुटली आणि ११ कामगार मेले. सात वर्षांचं शून्य खोटं नसेलही. घसरून पडणारे, बोट चेमटणारे त्यात मोजले होते. विहिरीच्या पोटातला दाब त्यात मोजला नव्हता.

आणि आपल्या देशातलं सगळ्यात मोठं शून्य कोणतं? ते कारखान्याच्या गेटावर नाही, संसदेत आहे. फेब्रुवारी २०२१ मधे सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्री रामदास आठवले यांनी सांगितलं की, पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३४० माणसं मेली. त्याच वर्षी जुलैत राज्यसभेत त्यांच्याच खात्याचं उत्तर आलं की, हाताने मैला साफ करण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. दोन्ही उत्तरं कायद्याच्या भाषेत बसतात. गटारात उतरून गुदमरणं हे 'धोकादायक सफाई', आणि मैला डोक्यावर वाहणं हे 'हाताने मैला साफ करणं'. खाना बदलला की मढी नाहीशी होतात. मंत्री पँथरच्या चळवळीतून आलेले आहेत, हे इथं टोमणा म्हणून लिहीत नाही. लिहितो ते एवढ्यासाठी की, माणूस आपला असला तरी खाना दुसऱ्याने आखलेला असेल तर उत्तर शून्यच येतं.

* * *

आता जाबाचं बघू. आमच्या त्या पोराच्या बाबतीत एक कागद झालाच. त्यावर कारण लिहिलं, 'कामगाराची नजरचूक.' दोन शब्द. तारेने बांधलेला स्विच त्यात नाही. बारा तासांची रात्र त्यात नाही. ठेकेदाराचं बिल त्यात नाही. फक्त एक नजर, आणि तिची चूक.

या दोन शब्दांना मोठा इतिहास आहे. १९३१ साली हाइनरिख नावाच्या अमेरिकन माणसाने औद्योगिक अपघातांवर पुस्तक लिहिलं. तो विमा कंपनीत कामाला होता. विम्याचे दावे आणि कारखान्यांचे कागद चाळून त्याने सांगितलं की, १०० पैकी ८८ अपघात कामगारांच्या बेफिकीर वागण्याने होतात. पुढं कित्येक वर्षं जगभरच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी हा आकडा पाठ केला. पण ते कागद लिहिले कोणी होते? मालकाच्या सुपरवायझरने. सुपरवायझरने लिहिलं, कामगार चुकला. अभ्यासकाने ते मोजलं आणि म्हणाला, कामगार चुकतो. विहिरीत आपण ओतलेलं पाणी आपणच काढायचं आणि झरा सापडला म्हणून ओरडायचं.

आम्हाला हा युक्तिवाद ओळखीचा आहे. हजारो वर्षं आम्हाला हेच सांगितलं. तुझी ही दशा का? तुझ्या मागच्या जन्मीच्या कर्माने. म्हणजे तुझ्याच नजरचुकीने. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वकर्माच्या सिद्धांताची चिरफाड केली तेव्हा नेमकं बोट इथंच ठेवलं. गरिबाच्या आणि खालच्याच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, याखेरीज या सिद्धांताला दुसरा उद्देश दिसत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ आहे. कारखान्यातली 'नजरचूक' हे पूर्वकर्माचंच नवं नाव आहे. पूर्वी पुरोहित सांगायचा, आता चौकशी अहवाल सांगतो.

बुद्धाने काय केलं? कर्त्याला शाप देत बसला नाही, कारण शोधलं. हे आहे म्हणून ते झालं. हे नसतं तर ते झालं नसतं. आपणही तसंच विचारू. बोट का गेलं? झाकण उघडं होतं. झाकण उघडं असताना यंत्र का चालू होतं? स्विच बांधला होता. का बांधला? उत्पादन पडू नये म्हणून. ते पडलं तर काय? ठेकेदाराचं बिल कापतात. कापायचं कोणी ठरवलं? हळूहळू प्रश्न जिना चढत जातो. जिथं चौकशी सगळ्यात खालच्या पायरीवर थांबते तिथं ती चौकशी नसून निवाडा असतो, आणि तो आधीच ठरलेला असतो.

* * *

मग मोजायचं कसं? आजकालच्या सुरक्षाशास्त्रात एक चांगली गोष्ट सांगतात. इजा झाल्यावर मोजणं हे मागचं मोजणं. त्याऐवजी इजा होण्याआधी दिसणाऱ्या गोष्टी मोजा. इंग्रजीत याला लीडिंग इंडिकेटर म्हणतात. शब्द परका आहे, पण गोष्ट आपल्या शहापूर तालुक्यात रोज घडते.

तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबईला जातं. मुंबईची महापालिका या तलावांची पातळी रोज मोजते आणि ते आकडे पेपरात छापून येतात. पातळी खाली गेली की पाणीकपात जाहीर होते. मुंबईचा नळ कोरडा पडेपर्यंत कोणी थांबत नाही. हे आधीचं मोजणं. आणि त्याच धरणांच्या तालुक्यातल्या पाड्यांवर? तिथं उन्हाळ्यात विहीर आटते, बाया हंडे घेऊन डोंगर उतरतात, मग अर्ज जातो, मग टँकर येतो. टँकर किती लागले ते मोजतात. हे मागचं मोजणं. एकाच पाण्याला दोन मापं. मुंबईची तहान लागायच्या आधी मोजली जाते, ठाकर-कातकऱ्याची लागून गेल्यावर.

तेव्हा या समाजाला आधी बघता येत नाही, असं मुळीच नाही. विटाळाच्या बाबतीत तो फार दूरचं बघायचा. सावली अंगावर पडायच्या आधीच तिची लांबी मोजायचा. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणाईच्या खात्यात घेत नसत. कारण तिथं धोट्याचा दोरा तोंडाने ओढावा लागायचा, आणि एकाच्या ओठाचा धोटा दुसऱ्याच्या ओठाला. पगार त्याच खात्यात जास्त, म्हणून बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात पुढाऱ्यांना या बंदीचा जाब विचारला. त्या दोऱ्यातून क्षय पसरू शकतो ही भीती खरी होती. पण एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाणारा रोग कोणी मोजला नाही, आणि एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाणारा बाट सगळ्यांनी मोजला. म्हणजे डोळे होते. ते कशावर ठेवायचे हे ठरलेलं होतं.

भोपाळचं बघा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला. पण डिसेंबर १९८१ मधेच त्या कारखान्यात फॉस्जीन वायूने एक कामगार मेला होता. १९८२ मधे राजकुमार केसवानी या पत्रकाराने शहर धोक्यात आहे असं छापून सांगितलं होतं. १९८४ च्या जूनपासून वायूची टाकी थंड ठेवणारं यंत्र बंद होतं. एवढ्या खुणा होत्या, आणि एकही खूण कोणाच्या पगारात, बढतीत, कोणाच्या गळ्यात आली नाही. ७ जून २०१० ला न्यायालयाने दोषींना शिक्षा दिली, दोन वर्षांची. हजारो मढ्यांना दोन वर्षं. कंपनीचा अमेरिकेतला मुख्य माणूस कधी कोर्टात उभाच राहिला नाही.

आणि आपल्या दारातलं. १ ऑगस्ट २०२३. अण्णाभाऊंची जयंती. त्या दिवसाच्या पहिल्या तासांत, शहापूर तालुक्यातल्या सरळांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर काम चालू होतं. पुलाचे अवजड तुकडे उचलून बसवणारं शेकडो टनांचं गर्डर लाँचर यंत्र वरून कोसळलं. २० जण मेले. उत्तर प्रदेशातले, बिहारमधले, बंगालमधले, तामिळनाडूतले. त्यांत मजूर होते, इंजिनियरही होते. ठेकेदारांवर शहापूर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. राज्याने पाच लाख, केंद्राने दोन लाख जाहीर केले. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आता गाड्या त्या डोंगरावरून भर्रकन जातात.

कोणता बोल्ट तुटला हा माझा इथला प्रश्न नाही. माझा प्रश्न आदल्या दिवसाचा आहे. ३१ जुलैला त्या पुलावर उभ्या असलेल्या एखाद्या बिहारी पोराला वाटलं असतं, आज हे यंत्र नेहमीसारखं हलत नाही, आवाज वेगळा येतोय, तर ते त्याने कोणत्या वहीत लिहायचं होतं? कोणत्या भाषेत? ठेकेदाराच्या ठेकेदाराच्या मुकादमाला सांगून त्याची दुसऱ्या दिवशीची हजेरी राहिली असती का? त्याचा मरणाचा सांगावा विमानाने गावी पोचतो. मरणाआधीचा सांगावा शंभर फूट खाली जमिनीवरही पोचत नाही.

* * *

आधीचं मोजा म्हटलं की साहेब लोक लगेच तयार होतात, आणि इथं सावध राहायला पाहिजे. किती हेल्मेटं वाटली, किती सुरक्षा वर्ग घेतले, किती सह्या घेतल्या, याचे तक्ते भराभर तयार होतात. आमच्याकडे पाळी सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं सुरक्षेचं भाषण असतं. रजिस्टरवर सगळ्यांच्या सह्या असतात. ज्या रात्री भाषण झालं नाही त्या रात्रीच्याही असतात. मागचं शून्य खोटं होतं, आता पुढचे शंभर टक्केही खोटे. पायली बदलली, हात तोच राहिला.

म्हणून आकडा कोणता याच्याआधी विचारायला पाहिजे, वही कोणाच्या हातात. मी मुकादमाला एकदा म्हटलं, 'मामा, स्विच बांधून चालवताय, हात जाईल कोणाचा तरी.' तो म्हणाला, 'आजवर गेला का? नाय ना? मग? तू कविता कर, मशीन आम्ही बघतो.' आजवर गेला का, हीच ती शून्याची नीती. गेला नाही म्हणून चालू द्या, आणि गेला की म्हणा नजरचूक. मधे कुठं माणसाला बोलायला जागाच ठेवलेली नाही.

ती जागा करायची तर मोजायच्या गोष्टी फार नाहीत. या पाळीत किती यंत्रं झाकणाशिवाय चालली. ती झाकणं किती तासांनी परत बसली. कामगाराने किती तक्रारी केल्या, किती दिवसांत उत्तर आलं, उत्तर देणाऱ्याचं नाव काय. कामगाराने धोका बघून यंत्र किती वेळा थांबवलं, आणि थांबवल्यावर त्याचा पगार कापला की नाही. आणि 'वाचलो' किती वेळा झालं. आपण रोज म्हणतो ना, 'वाचलो रे!' बेल्ट तुटून कानाजवळून गेला, वाचलो. गाठोडं वरून पडलं, वाचलो. त्या शब्दानंतर आपण हसतो आणि तंबाखू मळतो. तो शब्द म्हणजे मरणाने आधी पाठवलेली चिठ्ठी आहे. ती फाडून टाकायची नाही. आणि या मोजणीत ठेक्यावरची पोरं आणि यंत्राखाली रुईचा कचरा काढणाऱ्या बाया पहिल्या धरायच्या, कारण त्या कोणत्याच फळ्यावर नसतात.

आणि जबाबदारी? तिचा नियम सोपा आहे. ज्याच्या हातात थांबवायची ताकद, त्याच्या माथी जाब. जेवढी ताकद जास्त तेवढा जाब जास्त. आज हे उलटं आहे. यंत्र थांबवायची परवानगी नसलेल्या माणसाच्या माथी यंत्राची चूक. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात घातक प्रक्रियेच्या ठिकाणच्या कामगाराला समोरचा धोका कळवायचा हक्क दिला. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नव्या सुरक्षा संहितेने हा कळवायचा हक्क सगळ्याच कामगारांपर्यंत आणला. चांगलं आहे. म्हणजे मरणाआधीचा सांगावा द्यायला कागदावर तरी बंदी राहिली नाही. पण त्याच संहितेत साध्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी लागतो तो ५०० कामगारांवर, आणि तपासनीसाच्या नावाला आता 'सुविधाकार' अशी शेपटी जोडली आहे. आमच्या भागातल्या शंभर-दीडशे माणसांच्या शेडाने काय करायचं? आणि कळवायचा हक्क आहे, हात मागं घ्यायचा आहे का? सांगितल्यावर उद्या गेटावर नाव राहील याची हमी कोण देणार? ज्याला हजेरीची हमी नाही त्याचा हक्क म्हणजे उपाशी माणसाच्या हातातलं जेवणाचं आमंत्रण.

ती हमी एकट्याला मिळणार नाही. एकट्याचा सांगावा म्हणजे कुरकुर. दहा जणांनी एकाच तारखेला, एकाच यंत्राबद्दल लिहिला तर तो पुरावा. उद्या कोर्टात 'आम्हाला माहीत नव्हतं' असं कोणाला म्हणता येणार नाही, एवढी ताकद त्या कागदात असते. न लिहिणाऱ्या हातांवर आजवरचं सगळं शून्य उभं आहे.

तेव्हा मुरबाडच्या, आसनगावच्या, वासिंदच्या दोस्तांनो, साहेबाच्या फळ्याकडे बघत बसू नका. शाळेच्या पोराची असते तशी चाळीस पानी वही घ्या. खात्यातल्या चार जणांनी मिळून ठेवा, घरी ठेवा, गेटाच्या आत नको. ज्याला लिहिता येत नाही त्याचं दुसऱ्याने लिहा आणि त्याला वाचून दाखवा. तारीख, पाळी, कोणतं यंत्र, काय सैल आहे, कोणाला सांगितलं, तो काय म्हणाला. त्याचे शब्द जसेच्या तसे. 'आजवर गेला का' असं म्हणाला असेल तर तेही लिहा, आणि पुढं त्याचं नाव लिहा.